साडेसत्तावीस इंच

माप घेतल्याशिवाय आम्ही कापडाला कात्री लावत नाही.
येमूल मास्तर सांगायचे,
पोटाचं माप देताना गिऱ्हाईक श्वास आत ओढतं,
त्याला बोलतं ठेव,
मग टेप टाक.

म्हणून एकदा आमच्या हॉल्टवर
गाडी उभी असताना टाकला.
फलाटापासून डब्याच्या पहिल्या पायरीपर्यंत
साडेसत्तावीस इंच.
माझ्या डाव्या पायाला कॅलिपर, गुडघ्याला खटका.
खटका काढला तर पाय दुमडतो,
लावला तर उचलत नाही.
दोन्हीकडून हिशेब तेवढाच चुकतो.

तो सोडवते सिद्धव्वा.
अंबाडीची पाटी आधी वर सरकवते, मग मला.
"हत्तु, हत्तु" म्हणत, खांद्याने.
टाइमटेबलात तिचं नाव नाही,
पण पाच वर्षांत वेळेवर आलेलं
त्या फलाटावर तेवढंच.

गाडीचं काय सांगू.
सात चाळीस म्हणजे आठ वीस,
आणि एखाद्या सोमवारी रद्द.
होटगीला कडेच्या रुळावर आम्हाला उभं करतात,
शेजारून एक्स्प्रेस जाते,
काचा बंद, आत लोक झोपलेले.
सोलापुरात कारखान्याच्या गेटवर
मुनीम नऊ दहाला वहीत रेघ ओढतो.
रेघेखाली सही केली की अर्धा रोज.
मी गणवेशांना खिसे लावते.
जून जवळ आला की दिवसाला दोनशे.
त्यातले किती घरासाठी
आणि किती रेल्वेसाठी, मोजायचं सोडलं.

परतीची गाडी एक नंबरला लागते.
कधीकधी ऐन वेळी चारला.
लिफ्टच्या दारावर कागद आहे,
दुरुस्तीचे काम चालू आहे.
चिकटवला तेव्हा पांढरा होता, आता चहाच्या रंगाचा.
"चालू"खाली कोणीतरी पेनने दोन रेघा मारल्यात.

पुलाला बेचाळीस पायऱ्या.
मी बसून चढते, पाठमोरी,
हातांवर भार देऊन एकेक.
वर जाताना समोर दिसतं ते मागे राहिलेलं,
वजनकाटा, पाण्याचा नळ, आणि हळूहळू
छपरापलीकडची जुन्या मिलची चिमणी.
लोक बाजूने वाट काढतात. काही जण नाणं ठेवतात.
भोंग्यातली बाई दिलगीर असते.
मराठीत, हिंदीत, इंग्रजीत,
न दमता, सारखीच दिलगीर.

परवा पलीकडे उतरताना
अठरा पायऱ्या उरल्या आणि शिट्टी झाली.
गार्डने वर पाहिलं.
उघडलेला हिरवा झेंडा काठीला गुंडाळून
तो तसाच उभा राहिला.
डब्यातून कोणी ओरडलं,
"ओ, सोडा की गाडी!"
घाईत माझ्या सलवारीची शिवण उसवली,
दुहेरी टीप, माझ्याच हातची.
पॉलिटेक्निकच्या दोन पोरांनी
काखेत हात घालून मला आत ठेवलं,
शिलाई मशीन ठेवतात तसं, जपून, न बोलता.

आमच्या हॉल्टवर उतरल्यावर
शेवटच्या डब्यापाशी त्याला विचारलं,
"साहेब, तेव्हा काय लिहिलंत?"
"दोन मिनिटं उशीर. कारण द्यावं लागतं."
"काय दिलंत?"
तो जरा थांबला.
"प्रवासी."

वाईट नव्हता माणूस.
तरी रात्री भाकरी गिळेना.
इतक्या वर्षांचे माझे इतके तास
कुणाच्या वहीत आहेत ते माहीत नाही,
आणि रेल्वेची दोन मिनिटं माझ्या नावावर.

असू देत. खोडा म्हणणार नाही.
शेजारी फक्त माप लिहा.
बेचाळीस. साडेसत्तावीस.
आणि श्वास आत ओढू नका,
मी टेप टाकलाय.

उद्या सात चाळीस.
सिद्धव्वाच्या नातीचं बारसं आहे,
ती येणार नाही म्हणाली.